पुरानंतर मते का बदलत नाहीत? उल्हासकाठचा अनुभव

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमचे कुटुंब बदलापूर पश्चिमेला तळमजल्यावर राहत होते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी घरात पाणी शिरले. शेवटी मिळेल त्या किमतीला घर विकून आम्ही कळव्याला भाड्याने राहायला आलो. प्रत्येक पुरानंतर सगळ्या पक्षांची माणसे आली, धान्य आणि पाण्याच्या बाटल्या वाटल्या गेल्या, फोटो निघाले. उल्हास नदीचे मात्र काही झाले नाही आणि निवडणुकीत पुराचा विषयही कोणी काढला नाही. लोक इतक्या लवकर विसरतात का?"

मी महसूल खात्यात तलाठी म्हणून लागलो आणि २०१७ साली नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे असते, पण पूरग्रस्त अजूनही तलाठ्यालाच शोधतात.) २००५ च्या पुराचे पंचनामे मी स्वतः केले, तर २०१९ आणि २०२१ मध्ये टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून लोकांचे अर्ज लिहून दिले. त्यामुळे पुढे जे लिहीत आहे ते दोन्ही बाजूंनी पाहिलेले आहे, आणि त्यात माझ्या स्वतःच्या चुकाही आहेत.

लोक विसरत नाहीत, असे माझे मत आहे. पूर सगळ्यांचा एकच असला तरी पुरानंतरचे दिवस प्रत्येक घराचे वेगळे असतात, आणि ते वेगळे होण्याची सुरुवात पंचनाम्याच्या यादीपासून होते. पाणी चढत असताना गल्लीतली सगळी माणसे एकाच गच्चीवर असतात. पाणी ओसरल्यावर चार-पाच दिवसांनी तलाठी आणि नगरपालिकेचा माणूस कागद घेऊन येतात, तेव्हा त्याच माणसांची यादीत असलेले आणि यादीत नसलेले अशी विभागणी होते, आणि ती पुढे कित्येक वर्षे टिकते.

यादीचे रकाने दिसायला साधे असतात: कुटुंबप्रमुखाचे नाव, शिधापत्रिका, बँक खाते, नुकसानीचा प्रकार. अडचण अशी की उल्हासकाठची वस्ती या रकान्यांत बसत नाही. भाडेकरूची भांडी वाहून गेलेली असतात, पण घराच्या कागदावर नाव दादरला राहणाऱ्या मालकाचे असते आणि अकरा महिन्यांचा करार कधीच संपलेला असतो. नदीकाठच्या कातकरी वाडीत कुडाच्या भिंती पडलेल्या असतात, पण घराला क्रमांक नसतो आणि जमीन दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर असते. २००५ साली एका चाळीत दोन भावांच्या दोन चुली होत्या आणि शिधापत्रिका एकच होती. मी एक कुटुंब लिहिले. नियमाने ते बरोबर होते, पण मदत थोरल्याच्या हातात गेली आणि ते भाऊ पुढे एकमेकांच्या लग्नकार्यालाही गेले नाहीत, हे मला फार उशिरा कळले. दुसऱ्या एका घरी बाईंनी मला सांगितले होते की नवरा वर्षभर घरी आलेला नाही. तरी खाते त्याच्या नावाचे होते म्हणून मी तेच लिहिले. पैसे त्याला मिळाले. पंचनामा करणाऱ्याच्या हातात किती अधिकार असतो हे त्या वेळी मला समजले नव्हते. यादीतून सुटलेल्यांना मात्र ते त्याच दिवशी समजते.

आता नियमाकडे येतो, कारण या भागातल्या पुराच्या राजकारणाचे मूळ एका कोरड्या वाक्यात आहे. आपत्ती निधीच्या निकषांप्रमाणे कपडे आणि भांड्यांसाठीची मदत त्या कुटुंबाला मिळते, ज्याचे घर वाहून गेले आहे, पडले आहे किंवा दोन दिवसांपेक्षा अधिक काळ पाण्यात राहिले आहे. कृष्णा-पंचगंगेच्या काठी पाणी आठवडाभर हलत नाही, तिथे या अटीचा काही अर्थ लागतो. उल्हास ही घाटातून उतरणारी, लांबीने लहान नदी आहे. खंडाळ्याच्या डोंगरात आणि कर्जतच्या पट्ट्यात रात्रभर पाऊस कोसळला की पहाटे बदलापुरात ती १६.५० मीटरची इशारा पातळी आणि १७.५० मीटरची धोका पातळी ओलांडते, आणि पाऊस थांबला की बऱ्याचदा दुसऱ्या संध्याकाळपर्यंत परतही जाते. तेवढ्या वेळात फ्रिज, गाद्या, पीठ, मुलांची दप्तरे आणि घराचे कागद सगळे जाते, पण दोन दिवस काही भरत नाहीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीच्या पुरात मोफत धान्यासाठी हीच दोन दिवसांची अट पुढे आली तेव्हा राज्यभर संताप झाला. आमच्याकडे ती अट त्याआधीपासून मुकाट्याने लोकांना वगळत होती.

यावर राज्य शासन वेळोवेळी स्वतंत्र निर्णय काढते, अटी शिथिल करते आणि वाढीव रक्कम जाहीर करते. २०२१ च्या जुलैमधील पुरानंतर घरगुती सामानासाठी कुटुंबाला १० हजार, टपरीधारकाला १० हजार आणि दुकानदाराला ५० हजारांपर्यंत, अशी मदत जाहीर झाली होती. लोकांना त्याचा आधार झाला, यात शंका नाही. परंतु ज्या मदतीचा पाया दर वेळी नव्याने काढलेला निर्णय असतो, ती मदत घेणाऱ्याला हक्क वाटत नाही, कोणाची तरी कृपा वाटते. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे आणि त्याच्या १२ व्या कलमात मदतीचे किमान मापदंड ठरवण्याचे बंधन राष्ट्रीय प्राधिकरणावर आहे. ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोविड मृत्यूंच्या प्रकरणात हे बंधन ऐच्छिक नाही असे स्पष्ट सांगितले. तरीही माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आलेल्यांपैकी एकानेही मला या कायद्याबद्दल विचारले नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच असे: "साहेब, कोणाची चिठ्ठी आणू?"

ज्याला चिठ्ठी मिळते त्याचे मत कुठे जाणार हे उघड आहे. ज्याला मिळत नाही त्याचा राग मात्र सरकारवर जात नाही, चिठ्ठी मिळालेल्या शेजाऱ्यावर जातो. पुरानंतर असंतोष भरपूर असूनही तो वर का जात नाही, याचे मला सापडलेले पहिले कारण हे आहे.

मदतीची जाहिरात हा याच प्रकारातला पुढचा भाग. २०१९ मध्ये कोल्हापूरकडे गेलेल्या मदतीच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो चिकटवल्यावरून बरीच टीका झाली. पण ही खोड आपलीच आहे असे समजू नये. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमध्ये कुसहा येथे कोसी नदीचा बांध फुटला आणि बिहारचा मोठा भाग पाण्याखाली गेला. त्या वेळी गुजरातने दिलेल्या मदतीची जाहिरात २०१० मध्ये पाटण्याच्या वर्तमानपत्रांत झळकली, तेव्हा बिहारच्या मुख्यमंत्र्यांनी ५ कोटी रुपये गुजरातला परत केले. या दोन्ही राज्यांच्या मुख्यमंत्र्यांचे पक्ष त्या वेळी बिहारच्या सत्तेत एकत्र होते. पूरग्रस्तांना त्या पैशाचे काय वाटले, हे विचारायला कोणी गेल्याचे माझ्या वाचनात नाही.

मते बदलतात की नाही, यावर जगभर बरेच मोजमाप झालेले आहे. २००२ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत एल्बे नदीला प्रचंड पूर आला आणि सप्टेंबरात निवडणूक होती. सरकारने वेगाने आणि मोठी मदत केली. पूरग्रस्त भागांत सत्ताधारी सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या मतांची टक्केवारी सुमारे ७ अंकांनी वाढल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले, आणि २००५ च्या निवडणुकीत त्या वाढीतला साधारण चौथा हिस्सा उरला होता. अमेरिकेतल्या अशाच अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली: आपत्तीनंतर वाटलेल्या पैशाबद्दल मतदार सरकारला श्रेय देतात, आपत्ती टाळण्यासाठी आधी खर्च केलेल्या पैशाबद्दल देत नाहीत. राजकीय माणसाला हे अभ्यास वाचावे लागत नाहीत, त्याला हे अनुभवाने ठाऊक असते. न आलेल्या पुराचा फोटो काढता येत नाही.

फोटोवरून २७ जुलै २०१९ ची सकाळ आठवते. बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली. एनडीआरएफ, नौदल, हवाई दल आणि आसपासच्या गावकऱ्यांनी मिळून सुमारे १०५० प्रवाशांना सुखरूप बाहेर काढले. काम खरोखरच उत्तम झाले आणि गावकऱ्यांच्या धैर्याला तोड नाही. पण त्या दिवशी देशभरच्या कॅमेऱ्यांना उल्हास नदी म्हणजे ती गाडी एवढेच दिसत होते. गाडीतले प्रवासी त्याच रात्री आपापल्या वाटेने गेले, बातमी संपली, आणि बदलापुरातल्या बुडालेल्या तळमजल्यांचा चिखल उपसायचे काम दुसऱ्या दिवशी सुरू झाले. तुमचे घर त्या दुसऱ्या दिवसातले होते.

आता अशा विषयाकडे येतो, ज्यावर आमच्या भागात कोणी मोकळेपणाने बोलत नाही: पूररेषा.

नदीच्या काठाने दोन रेषा आखल्या जातात. साधारणपणे पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची पातळी ही निळी रेषा आणि शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची पातळी ही लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध, निळी आणि लाल यांच्यामधला नियंत्रित. कागदावर ही पूर रोखण्याची सर्वांत स्वस्त पद्धत आहे, कारण तिला भिंत लागत नाही, फक्त बांधकाम थांबवण्याची इच्छा लागते. अडचण कालक्रमाची आहे. इमारती आधी उभ्या राहिल्या, लोकांनी आयुष्याची पुंजी घालून घरे घेतली आणि रेषा नंतर नकाशावर आली. त्यामुळे रेषा जाहीर होताच सर्वांत मोठा विरोध पूरग्रस्तांकडूनच होतो. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्यांचे घर तीनदा बुडाले आहे त्यांना त्यातून सुटण्याचे दोनच मार्ग असतात, घर विकणे किंवा इमारतीचा पुनर्विकास करून जोते उंच करणे, आणि निळ्या रेषेत आल्यावर दोन्ही मार्ग अवघड होतात. गिऱ्हाईक भाव पाडते, बँक कर्ज देताना कुरकुरते, विकासक फिरकत नाही.

हे फक्त बदलापूरचे दुखणे नाही. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणमध्ये नागरिकांची बचाव समिती उभी राहिली आणि डिसेंबरात साखळी उपोषण झाले. वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढा ही मुख्य मागणी होती आणि तिच्या जोडीला लाल-निळ्या पूररेषांना विरोधही होता. पहिल्या मागणीने पुराचे पाणी वाहून जायला वाट मिळते, दुसरी मान्य झाली तर त्याच वाटेत आणखी इमारती उभ्या राहू शकतात. दोन्ही मागण्या त्याच प्रामाणिक माणसांच्या होत्या. राजकीय नेत्याला अशा वेळी निवड करणे सोपे जाते. गाळ काढण्याचे काम दिसते, त्याची निविदा निघते, यंत्रासमोर नारळ फोडता येतो. पूररेषेची अंमलबजावणी केली तर त्याच प्रभागातली हजारो घरे नाराज होतात. म्हणून गाळ निघतो आणि रेषेचे फेरसर्वेक्षण होत राहते. बदलापुरात निवडणुकीच्या सभेत पुराचा विषय निघत नाही तो याच कारणाने, असा माझा तर्क आहे. विषय काढला की पुढचा प्रश्न रेषेचा येतो, आणि त्याचे उत्तर देऊन मते मिळवता येतील असा उमेदवार मी अजून पाहिलेला नाही.

दोष कोणावर तरी जायला हवा असतो, तो धरणावर जातो. आमच्याकडे पाणी वाढले की पहिली आवई "बारवीचे दरवाजे उघडले" ही उठते. बारवीचे दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी ठरावीक पातळीला पोचले की ते आपोआप उघडतात, आणि उल्हासला पूर आणणारा पाऊस बराचसा बारवीच्या खोऱ्याबाहेर, कर्जतच्या बाजूला पडतो. तरीही आवई दर वर्षी नवी होते. सांगली-कोल्हापुरात हीच जागा अलमट्टीची आहे. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने अलमट्टीपेक्षा अतिवृष्टी आणि नदीपात्रातील अतिक्रमणांकडे बोट दाखवले, पण अलमट्टीचा विषय काही थांबला नाही. धरण दुसऱ्या राज्यात असले तर त्याच्या विरोधात सगळे पक्ष एका व्यासपीठावर येऊ शकतात. नदीपात्रातले अतिक्रमण म्हटले की त्याच व्यासपीठावरची दोन-चार माणसे अस्वस्थ होतात.

समाजाच्या अंगाने सांगायचे तर मोठी फूट जातीची किंवा पक्षाची असते असे लोक गृहीत धरतात. मी जी सर्वांत खोल फूट पाहिली ती मजल्यांची होती. २०१९ च्या पुरात एका सोसायटीत वरच्या मजल्यावरच्या कुटुंबांनी तळमजल्यावरच्या सगळ्यांना दोन रात्री घरात ठेवून घेतले, खिचडी केली, म्हाताऱ्यांना स्वतःची अंथरुणे दिली. तीन महिन्यांनी त्याच सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत विजेची मीटरपेटी वर चढवण्याचा आणि आवाराची भिंत उंच करण्याचा ठराव आला, तेव्हा खर्च तळमजल्यानेच करावा असे वरच्या मजल्यांचे म्हणणे पडले. ती माणसे वाईट नव्हती. पाहुणचार दोन रात्रींचा होता आणि वर्गणी सगळ्यांच्या खिशातून जाणार होती. ठराव पुढच्या सभेवर गेला. २०२१ चा पूर आला तेव्हा मीटर खालीच होते.

तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर मात्र तुमच्याच पत्त्यात आहे. तुम्ही घर विकले आणि कळव्याला आलात. तुमचे मतदान आता तिथे. तुमचे घर ज्यांनी घेतले त्यांनी बहुधा उन्हाळ्यात पाहिले, रंग नवा होता, भाव बरा होता. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ९८ हजार होती आणि २०११ मध्ये १ लाख ७४ हजारांवर गेली. या दोन जनगणनांच्या मध्ये २००५ चा पूर आहे, म्हणजे २०११ च्या बदलापुरात असे हजारो लोक होते ज्यांनी तो पूर पाहिलाच नव्हता. विसरण्याचा प्रश्न नाही. ज्यांना आठवतो त्यातले बरेच जण गाव सोडून गेले आहेत. सर्वांत जास्त सोसलेले कुटुंब सर्वांत आधी बाहेर पडते, आणि त्याच्या बरोबर त्याचा राग आणि त्याचे मत त्या प्रभागातून निघून जाते.

याच्या उलट उदाहरण पुण्यात आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले. त्यातल्या पूरग्रस्तांना वेगवेगळ्या भागांत, पण वसाहती करून एकत्र वसवले गेले. त्या जागांच्या मालकीहक्काचा प्रश्न कित्येक दशके रेंगाळला, आणि तो रेंगाळला म्हणूनच 'पानशेत पूरग्रस्त' ही ओळख नातवंडांपर्यंत टिकली. त्यांच्या सोसायट्या होत्या, त्यांचे अर्ज होते, आणि निवडणुकीत त्यांच्याकडे जावे लागे. उल्हासकाठच्या पूरग्रस्तांचे असे काहीच नाही, कारण त्यांचे पुनर्वसन सरकारने केले नाही, ते प्रत्येकाने आपापल्या घरदलालाकडून करून घेतले.

त्यात आणखी एक गोष्ट अशी जुळली की कुळगाव-बदलापूर नगरपालिका आणि कल्याण-डोंबिवली महापालिका या दोन्हींची मुदत २०२० मध्ये संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. २०२१ चा पूर आला तेव्हा ज्याला जाब विचारावा असा नगरसेवकच अस्तित्वात नव्हता. माजी नगरसेवक मदत वाटत होते, फलकांवर 'लोकसेवक' म्हणवून घेत होते, पण ठराव करण्याचा अधिकार त्यांना नव्हता आणि जबाबदारीही नव्हती. अशी सोय एरवी कोणाला मिळत नाही.

तुम्ही विचारले नसले तरी एक काम सांगतो, कारण घर विकले म्हणून तुमचा हक्क संपत नाही. २०२१ च्या पंचनाम्यात तुमच्या इमारतीतल्या कोणाकोणाची नावे आहेत आणि कोणाची नाहीत, ती यादी माहितीच्या अधिकारात तहसील कार्यालयाकडे मागा, आणि त्याच अर्जात तुमच्या जुन्या इमारतीची जागा निळ्या आणि लाल रेषेच्या कोणत्या बाजूला येते हे जलसंपदा विभागाकडून आलेल्या नकाशासह विचारा. शेजाऱ्यांच्या साथीने मागितले तर बरे, कारण एकट्याच्या अर्जाला 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार मिळू शकतो. यादी हाती आल्यावर, सातबाऱ्याचे करतात तसे तिचे चावडीवाचन करा, म्हणजे सोसायटीच्या आवारात ती सर्वांसमोर मोठ्याने वाचा. २०१९ नंतर एका वस्तीत आम्ही हे केले तेव्हा अकरा भाडेकरूंची नावे सुटल्याचे त्याच संध्याकाळी कळले आणि तक्रार मुदतीत गेली. अर्ज दिवाळी झाल्यावर करा. मे-जूनमध्ये सगळे अधिकारी मान्सूनपूर्व बैठकांत असतात आणि जुलैमध्ये नवे पंचनामे सुरू होतात.